भोक पेपरला पाडायचं का मातीला? मल्चिंगवर लावणीच्या टूलबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बेड कसा पाडायचा आणि मल्चिंग पेपर (बेडवर झाकायचा प्लास्टिकचा पेपर) कसा अंथरायचा यावर आपण बोललो होतो, तर त्याच्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्म्याच्या वर एकाच गोष्टीचे आहेत, की बाप्पा पेपर तर अंथरला, आता त्याच्यातून लावायचं कशानं. काहींनी तर मोबाईलवरचे व्हिडिओच पाठवले, असं असं मशीन आहे, घेऊ का म्हणून. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जागा नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न (कळमेश्वर तालुका): भाऊ, माझ्याकडे दोन एकर काळी भारी जमीन आहे. टमाटर आणि मिरची लावतो, रोपं नर्सरीतून ट्रेमधली आणतो. लावणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर दुपारून कमरेला हात लावून बसतात, त्यांचंही चूक नाही म्हणा. ते स्टीलच्या उभ्या नळीचं टूल असतं ना, वरून रोप सोडायचं आणि मूठ दाबली की खाली चोच उघडते, ते घेऊ का चाकावालं टोकण यंत्र (बी टोचत जाणारं) घेऊ? दुकानदार म्हणतो चाकावालं घ्या, त्यात दोन्ही कामं होतात.

उत्तर: नाही होत भाऊ. चाकावाल्या टोकण यंत्रात डब्यातलं बी रोलरच्या खाचेत बसतं आणि तिथून एकेका चोचीत पडतं, त्यात बीच जाऊ शकतं, ट्रेमधलं रोप त्याच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गड्ड्यासकट कुठून जाणार? दुकानदाराला एक वस्तू विकायची होती, बाकी काही नाही. तुमच्या टमाटर-मिरचीला घ्यायचं तर उभ्या नळीचंच. पण त्याच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या, मी तीन वर्षं हे न समजता पैसे घालवले.

पेपरला पडणारं भोक आणि मातीत होणारा खड्डा ही दोन वेगळी कामं आहेत. टूल विकणारा म्हणतो एका दाबात दोन्ही होतं, आणि होतंही, पण मग पेपर फाटतो चोचीच्या आकारात, म्हणजे गोल भोक न पडता चीर पडते, आणि ही चीर नंतर हवेनं, बाईच्या पायानं, तण काढताना लांबत जाते. २५ मायक्रॉनच्या पेपरला चीर गेली की गेली. आपल्या इकडे मे महिन्याच्या शेवटी जी वावटळ येते ना, ती अशा चिरा शोधतच येते. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, भोक आधी वेगळं गोल पाडून घ्या (ते कशानं ते पुढच्या प्रश्नात येतं) आणि नळीचं टूल फक्त मातीच्या कामाला ठेवा. एक चक्कर जास्त होते, मान्य, पण पेपर हंगामभर टिकतो.

आता नळी निवडताना काय बघायचं. पहिलं म्हणजे तुमची नर्सरी कोणता ट्रे वापरते ते विचारा. ९८ किंवा १०४ घरांचा असेल तर गड्डा लहान असतो, साध्या नळीतून जातो, पण ५० किंवा ७० घरांचा ट्रे असेल (कलमी वांग्याला, टरबुजाच्या रोपाला बरेच जण मोठं घर वापरतात) तर गड्डा मोठा आणि पानं पसरलेली, तो नळीत अर्ध्यावर अटकतो मग बाई वरून काडीनं ढोसते आणि शेंडाच मोडतो. दुकानात जाताना खिशात नाही तर डब्यात दोन रोपं घेऊन जा आणि नळीतून सोडून बघा, लाजू नका. जी नळी वर नरसाळ्यासारखी रुंद आणि आतून गुळगुळीत असेल, वेल्डिंगचा कंगोरा आत आलेला नसेल, ती घ्या.

दुसरं, वजन आणि उंची. टूल घ्यायला जातो गडी आणि वापरतात बाया, ही आपल्याकडची जुनी गडबड आहे. मूठ छातीच्या वर आली तर खांदा दुखतो, खाली आली तर वाकावं लागतं, मग टूल घेऊन उपयोग काय. आणि हिशेब करून पाहा, बेड पाच फुटांवर आणि रोप सव्वा फुटावर धरलं तर एकराचे ४३,५६० चौरस फूट भागिले सव्वासहा, म्हणजे सात हजाराच्या जवळपास रोपं, एकेरी ओळीत. एका रोपाला सहा सेकंद धरले तरी पावणेबारा तास होतात. म्हणजे ते टूल सात हजार वेळा उचलायचं आहे! अर्धा किलो कमी-जास्त दुकानात जाणवत नाही, चार हजाराव्या रोपाला जाणवतो. ज्या ताई लावणार त्यांनाच सोबत न्या, त्यांच्या हातात द्या, मग घ्या.

तिसरं आणि आपल्या जमिनीसाठी सगळ्यात मोठं, वाफसा. प्रदर्शनात स्टॉलवर हे टूल कोकोपीट भरलेल्या पेटीत खुपसून दाखवतात, चोच लोण्यात सुरी जावी तशी जाते. आपली काळी माती म्हणजे ओली असली की चिक्कट, वाळली की दगड, मधली जी वाफशाची वेळ असते तेवढ्यातच हे टूल काम करतं. माझा पहिल्या वर्षीचा किस्सा सांगतो, लावणीच्या आदल्या रात्री ड्रिप चालू करून झोपलो, म्हटलं माती मऊ राहील, सकाळी उठून पाहतो तर बेडमध्ये पाय रुतत होता आणि टूलच्या चोचीत चिखल असा बसला की मूठ दाबूनही उघडेना, उघडली तर चिखलासोबत रोप पुन्हा वर यायचं, शेवटी बायकोनं एक काडी घेतली आणि दर चार रोपांनी चोच खरवडत बसली आणि मला काय काय बोलली ते इथं छापता येणार नाही.

पण त्याहून वाईट नंतर कळलं. ओल्या काळ्या मातीत लोखंडी चोच दाबली की खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या होतात, शेणानं सारवल्यासारख्या गुळगुळीत. महिनाभरानंही काही रोपं जागच्या जागीच होती म्हणून दोन उपटून पाहिली, तर मुळं त्या भिंतीला टेकून गोल गोल फिरलेली, बाहेर गेलीच नव्हती. म्हणून ड्रिप एक-दोन दिवस आधी चालवा, मग थांबा, माती मुठीत दाबून गोळा होते आणि बोटानं ढकलला की फुटतो अशी झाली की लावा. लावल्यावर लगेच पुन्हा पाणी द्या.

आणि लावल्यावर दाबणं! नळी वर काढली की रोप खड्ड्यात उभं दिसतं, पण गड्डा आणि भिंत यांच्यात पोकळी राहते. कोकोपीट एकदा कोरडं झालं की पुन्हा सहजासहजी भिजत नाही, आजूबाजूला ओल असून मधला गड्डा सुकून रोप माना टाकतं आणि आपण म्हणतो नर्सरीवाल्यानं फसवलं. म्हणून जोडी लावा, एक जण टूल चालवेल आणि मागून दुसरी दोन बोटांनी माती दाबत, गड्ड्यावर बोटभर माती ओढत जाईल. हो, म्हणजे एक जण वाकणारच. पूर्ण न वाकता लावणी करून देणारं हातटूल मी तरी अजून पाहिलं नाही, अर्धं वाकणं वाचतं एवढंच.

खोलीचं एक ध्यानात ठेवा, टमाटर थोडं खोल गेलं तरी चालतं, त्याच्या खोडाला मुळं फुटतात. मिरचीला तेवढं खोल नका घालू, ट्रेमध्ये होती त्याच खोलीला किंवा जरा खाली. आणि कधी कलमी रोपं लावली तर कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे, नळीच्या टूलला खोलीची पट्टी असते ती त्या हिशेबानं बांधा, नाहीतर जोड मातीत जाऊन कलमाचा सगळा फायदा मातीत.

प्रश्न (काटोल आणि हिंगण्याहून दोन वाचक, प्रश्न एकच): भोकं पाडलेला तयार पेपर घ्यावा की साधा घेऊन शेतात भोकं पाडावी? आणि पाडायची तर कशानं?

उत्तर: तयार भोकांचा पेपर दिसायला सोयीचा, पण दोन अडचणी. एक, अंतर कंपनीनं ठरवलेलं. दुसरी, अंथरताना पेपर थोडा जरी ताणला किंवा तिरपा गेला की भोकं ड्रिपरच्या जागेवरून सरकतात. एकच पीक, एकच अंतर, आणि पेपर अंथरणारं मशीन चालवणारा हुशार असेल तर घ्या, नाहीतर साधा घ्या.

पाडायला आपल्याकडे तीन पद्धती चालतात. दात पाडलेला लोखंडी पाइपचा तुकडा, वर दांडा वेल्ड केलेला, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेता येतो, दाबून फिरवला की टिकली कापून निघते. दुसरी म्हणजे गरम पद्धत, डब्यात निखारे भरून खालचा पाइप तापवायचा आणि पेपरला टेकवायचा. गरम पाइपचा फायदा हा की भोकाची कड वितळून जाडसर होते आणि चीर पुढं जात नाही, मला स्वतःला हीच आवडते. तिसरी ब्लेडनं अधिक चिन्हासारखं कापणं, ती करूच नका, चारही टोकं फाटत जातात आणि वाऱ्यावर ती पानं रोपाच्या खोडाला घासत राहतात.

भोक दोन ते अडीच इंचाचं पुरतं, मोठ्या गड्ड्याला तीन. त्याहून मोठं केलं तर तण तिथून येतं आणि ओलही तिथूनच उडते. फार लहान केलं तर उन्हाळ्यात दुसराच घोळ होतो, पेपरखालची तापलेली हवा त्या भोकातून धुराड्यासारखी वर येते आणि कोवळ्या खोडाला भाजते. पेपर खोडाला टेकलेला असला तर विचारूच नका. एप्रिल-मे मध्ये लावणाऱ्यांनी चंदेरी बाजू वर ठेवायची, लावणी संध्याकाळची करायची आणि भोकाच्या कडेवर ओंजळभर माती टाकून हवा बंद करायची. ही ओंजळभर माती बहुतेक जण विसरतात.

गरम पाइपवाल्यांनो, खाली ड्रिपची लॅटरल आहे हे विसरू नका. उन्हात १६ मिमीची नळी सापासारखी वळवळत बेडच्या कडेला जाते, वरून दिसत नाही, आणि पाइप तिला टेकला की भोक. एका ओळीत अशी चार भोकं पडली तर शेवटच्या रोपांना पाणी जाणारच नाही. म्हणून भोकं पाडताना ड्रिप थोडी चालू ठेवली तर नळी फुगलेली राहते, हातानं चाचपता येते, आणि कुठं लागलीच तर फवारा उडून लगेच कळतं. आणि ज्या टिकल्या कापून पडतात त्या पोत्यात गोळा करा भाऊ, शेतभर त्या चांदीच्या टिकल्या उडताना पाहिल्या की वाटतं वावरात लग्न लागलं, आणि त्या मातीतून जात नाहीत.

प्रश्न (उमरेड तालुका, बचत गटाच्या एक ताई): आम्ही गटानं मिळून टरबूज आणि भेंडी मल्चिंगवर लावली. चाकावाल्या टोकण यंत्रानं डायरेक्ट पेपरवरून बी टोबलं (टोचून पेरलं). टरबुजाचं निम्मं उगवलंच नाही, भेंडीत कुठं दोन-दोन तर कुठं काहीच नाही. पेपर उचलून पाहिला तर पिवळे कोंब आत वाकडे होऊन जळलेले. यंत्र खराब आहे का बियाणं?

उत्तर: ताई, दोन्ही खराब नसावेत. जे कोंब आत सापडले ते उगवले होते, त्यांना बाहेर यायला रस्ताच मिळाला नाही. कसं होतं सांगतो. चाक पुढं लोटलं की चोच तिरपी आत जाते आणि तिरपीच बाहेर येते, त्यामुळे पेपरला एक बारीक लांब चीर पडते आणि बी त्या चिरेच्या बरोबर खाली पडेलच असं नाही. त्यात पेपर दिवसा तापून सैल होतो, रात्री आखडतो, बेडवर चांगला चिकटून बसलेला नसेल तर बोटभर सरकतोच. बी जागेवर, चीर बाजूला. काही दिवसांनी कोंब वर येतो, डोक्यावर प्लास्टिक, आत भट्टी. झालं.

मोकळ्या रानात मका, सोयाबीन टोबायला हे चाक चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पेपरवर चालवायचंच असेल तर बेड पलंगासारखा सपाट पाहिजे, ढेकळं नकोत, पेपर मातीला चिकटलेला पाहिजे, आणि उगवणीच्या वेळेस रोज सकाळी एकीनं ओळीतून फिरून अडकलेले कोंब बोटानं बाहेर काढायचे. हे फिरणं चुकवलं की वरचा सगळा पैसा गेला.

टरबुजासाठी मात्र माझा सल्ला वेगळा. बी महाग आहे, एकरी भोकं कमी आहेत, तर चाकाची घाई कशाला? गोल भोकं आधी पाडा आणि उभी टोकण नळी वापरा, तीच चोचीवाली पण बारीक, वरून एक बी सोडायचं, ठोकायचं, उघडायचं, पुढं. एका भोकात एकच बी गेलं की नाही ते डोळ्यांनी दिसतं. आणि तुम्ही बी भिजवून मोड आणून लावत असाल, बरेच जण थंडीत जानेवारीत लावताना तसं करतात, तर चाकाच्या रोलरमधून ते बी कधीच टाकू नका, खाचेत मोड मोडतो. कदाचित तुमचं निम्मं तिथंच गेलं असेल, तुम्ही लिहिलं नाही भिजवलं होतं का.

भेंडीचं दोन-दोन आणि काहीच नाही, ही रोलरची चूक. यंत्रासोबत वेगवेगळ्या खाचांचे रोलर येतात, मक्याचा बसवलेला असेल तर भेंडीची दोन-तीन बिया एका खाचेत मावतात, आणि बियाण्याला औषध चोळून ते नीट सुकलं नसेल तर चिकटून खाच रिकामी जाते. घरीच अंगणात चादर अंथरून चाक हवेत वीस फेरे फिरवून बघा, प्रत्येक चोचीतून किती पडतं ते मोजा, मग शेतात न्या. अंतर चोचींच्या हिशेबानं येतं, म्हणजे समजा १२ चोचींत ५-५ इंचाचं अंतर असेल तर एकाआड एक बंद केल्यावर १० इंच, आणि चारच ठेवल्या तर १५. भेंडीचं बी दोन-अडीच सेंटीमीटरच्या खाली घालू नका, आपली काळी माती वर पापडी धरते, खोलातून कोंबाला ती फोडता येत नाही. पेपरखाली पापडी कमी धरते, पण नेमकी भोकाच्या जागी धरतेच, कारण तिथंच पाणी पडतं आणि तिथंच ऊन.

आणि एक, पेपरला खालून भोकं पाडून जर हिरवे टोकदार कोंब वर येत असतील तर ते भेंडी नाही, मोथा (लव्हाळा) आहे! बाकी तण पेपरखाली मरतं, मोथा पेपर फोडून वर येतो. त्यावर कुठलंही लावणीचं टूल इलाज नाही, तो पेपर टाकायच्या आधीच खणून काढायचा असतो.

प्रश्न (मौदा): आमच्याकडे धानाचं तणस भरपूर आहे. प्लास्टिक नाही घ्यायचं, तणसाचंच मल्चिंग करून त्यातून चवळी, काकडी टोबायची आहे. चोचीचं टूल चालेल का?

उत्तर: काका, विचार चांगला आहे आणि प्लास्टिकचा खर्च वाचतो, पण इथं चोचीचं टूल दगा देतं. चोच तणसावर दाबली की तणस कापलं जात नाही, दुमडून चोचीसोबत खड्ड्यात जातं. बी पडतं त्या तणसाच्या घडीत, मातीला लागतच नाही. वरून पाहावं तर सगळं झकास, आत बी बिछान्यावर झोपलेलं. ओल मातीकडून मिळत नाही आणि ते वाळून जातं.

दोन मार्ग आहेत. हातानं किंवा दाताळ्यानं ओळीत चार बोटं तणस बाजूला करा, उघड्या मातीत टोबा आणि कोंब वीतभर झाले की तणस पुन्हा जवळ ओढा. किंवा आधी टोबा, उगवू द्या, मग ओळींच्या मधे तणस पसरा, मला दुसरा सोपा वाटतो. काकडीचं रोप करून लावत असाल तर खुरपं बस आहे, वेगळं टूल घेऊच नका. आमच्या पश्चिमेकडच्या लोकांकडे तणस नसतं, ते सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) टाकतात, ते जास्त बारीक असल्यानं चोचीखाली कमी दुमडतं, पण वाऱ्यानं उडतं. शिवाय कुटार असो का तणस, मातीत कालवू नका, वरच ठेवा, कालवलं तर ते कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं.

प्रश्न (सावनेर, सात-आठ शेतकऱ्यांचा गट): आमचे मिळून पंधरा-वीस एकर मल्चिंग होतं. ट्रॅक्टरला जोडायचं लावणी यंत्र घ्यावं का? व्हिडिओत एक चाक दिसतं, त्याला खुंट असतात, तेच भोक पाडतं आणि पाणीही भरतं, मागं बसलेली माणसं रोपं ठेवत जातात.

उत्तर: तुम्ही पाहिलं ते वॉटर व्हील. चाक फिरतं, खुंट पेपर फोडून खड्डा करतो, टाकीतलं पाणी चाकातून त्या खड्ड्यात येतं, आणि मागं सीटवर बसलेले दोघं त्या ओल्या खड्ड्यात हातानं रोप दाबतात. अमेरिकेत भाजीवाले शेतकरी मल्चवर हे खूप वापरतात. कल्पना छान आहे, रोपाला लावतानाच पाणी मिळतं आणि माणूस बसून काम करतो, कमरेचा प्रश्नच मिटला.

पण ते यंत्र रेताड, पोयट्याच्या जमिनीत जसं चालतं तसं आपल्या काळ्यात चालेल असं समजू नका. कळमेश्वरच्या भाऊंना जे सांगितलं तेच इथं मोठ्या प्रमाणावर, पाणी भरलेला खड्डा म्हणजे आपल्याकडे चिखलाची वाटी, ती नंतर आखडते, भेगा पडतात आणि गड्डा मधे लोंबकळतो. तुमची जमीन नदीकाठची, हलकी असेल तर विचार करा, भारी असेल तर पाणी कमी सोडायची सोय आहे का ते आधी विचारा. आणखी म्हणजे बेडची उंची, ट्रॅक्टरच्या दोन चाकांतलं अंतर आणि यंत्राची रुंदी हे तिन्ही जुळलं पाहिजे, आठ जणांचे बेड आठ मापांचे असतील तर यंत्र एकाच्याच शेतात चालेल आणि बाकी सात जण भांडतील. आधी बेड पाडायचं मशीन एक करा, लावणीचं मागाहून.

माझा अंदाज विचाराल तर पंधरा-वीस एकराला बेड पाडणं, लॅटरल टाकणं आणि पेपर अंथरणं हे तिन्ही एका फेरीत करणारं ट्रॅक्टरचं मशीन जास्त कामाचं आहे, पैसे तिथं घाला. सपाट, घट्ट, एकसारखा बेड मिळाला की हातटूलनंही लावणी भराभर होते. वाकड्यातिकड्या बेडवर कितीही भारी लावणी यंत्र आणा, ते चुकणारच. आणि घ्यायच्या आधी नोव्हेंबरच्या सुमारास नागपुरात अ‍ॅग्रोव्हिजन हे शेतीचं प्रदर्शन भरतं तिथं फिरा, यंत्रं बघा, पण सही करायच्या आधी त्यांना म्हणा आमच्या वावरात येऊन एक ओळ लावून दाखवा. जो येतो म्हणतो त्याच्याशीच बोला.

प्रश्न (भिवापूर आणि आणखी काही वाचक): या टूलवर अनुदान मिळतं का?

उत्तर: अवजारांचं अनुदान महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करून मिळतं, फार्मर आयडी लागतो, आणि मुख्य म्हणजे पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करायची, आधी बिल फाडून मग अर्ज केला तर ते बिल घरी फ्रेम करून ठेवा. यादीत काय आहे आणि यंदा किती टक्के ते तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा, ते बदलत राहतं. ट्रॅक्टरच्या मशीनसाठी ही वाट बघणं परवडतं. हातातल्या नळीसाठी मी नाही थांबणार, तोवर लावणीचा हंगाम निघून जातो.

भिवापूरच्या भाऊंचा उपप्रश्न होता की गादीवाफ्यावरची मिरचीची रोपं, म्हणजे उपटून आणलेली, नळीतून लावता येतात का. नका लावू. गड्डा नसल्यामुळे रोपाला वजन नसतं, ते नळीत आडवं होतं, आणि पडलंच तर मूळ खाली न जाता वर वळून बसतं. आपल्या भिवापुरी मिरचीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तिचं बी घरी धरून घरीच वाफ्यावर रोपं करणारे अजून आहेत, त्यांनी यंदा थोडी रोपं ट्रेमध्ये करून बघावी, नाहीतर भोक पाडून खुरप्यानंच लावावी. खुरप्याला अजून तरी तोड नाही त्या कामात.

प्रश्न (बेसा, नागपूर): घरामागं दहा बाय वीसची जागा आहे, मल्चिंग पेपर टाकून पालक, मेथी, टमाटर लावायचं आहे. ऑनलाइन एक टूल दिसलं, मागवू का?

उत्तर: नका मागवू ताई. दोनशे चौरस फुटांत टमाटरची पंचवीस-तीस रोपं बसतील, तेवढ्यांसाठी डाळीचा नाही तर दुधाच्या पावडरचा पत्र्याचा रिकामा डबा घ्या, अडीच-तीन इंच तोंडाचा, गॅसवर चिमट्यानं धरून तापवा आणि पेपरवर टेकवा, भोक तयार. पोरांना जरा लांब ठेवा. पालक-मेथीला पेपर नकोच, ती दाट फेकून पेरायची भाजी, एवढी भोकं पाडाल तर पेपरची चाळणी होईल. तिला एका बाजूला उघडा वाफा ठेवा.